हसणं कसलं होतं?

माझं काम ऐकायचं आणि लिहायचं. ओटीटीवर येणाऱ्या मालिकांची सबटायटल्स मी करते, त्यातही जास्त करून ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठीची. त्यांत संवाद असतातच, शिवाय आवाजही लिहावे लागतात. दार आपटलं, फोन वाजला, लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं, मागच्या खोलीत कोणीतरी हुंदका दिला. सगळं चौकोनी कंसात, इंग्रजीत, एक-दोन शब्दांत. पडद्यावर जागा कमी असते आणि वाचायला वेळ त्याहून कमी.

दार आपटलं, हे लिहायला विचार लागत नाही. पण कोणी हसलं की शब्द निवडावा लागतो, आणि इंग्रजीत त्यासाठी भलंमोठं दुकान आहे. गिगल म्हणजे खुदुखुदु हसणं. चकल म्हणजे स्वतःशीच, घशातल्या घशात हसणं. टिटर म्हणजे दाबलेलं, चोरटं हसणं. गफॉ म्हणजे खो खो, सगळ्या खोलीला ऐकू जाणारं. स्निगर म्हणजे दुसऱ्याची फजिती बघून तोंडावर हात धरून हसणं. कॅकल म्हणजे कर्कश हसणं. मूळ शब्द कोंबडीच्या ओरडण्याचा. ग्रिन म्हणजे दात दाखवून हसणं, स्मर्क म्हणजे ‘कसं जिरवलं’ असं ओठांच्या कोपऱ्यात येणारं हसू, स्नीअर म्हणजे तुच्छतेनं ओठ वाकवणं. काही वर्षं काम केल्यावर हे शब्द बोटांत बसतात. ऐकलं, टाइप केलं, पुढे गेलं.

मी अशीच पुढे जात होते. एकदा दादाकडे राहायला गेले तेव्हा अडले.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. दहाव्या वर्षी तापात त्याचं ऐकू येणं गेलं. तो बोलतो, ओठ वाचतो, आणि मालिका भरपूर बघतो. मराठी सबटायटल्स फारशी मिळत नाहीत, म्हणून इंग्रजी वाचतो. त्या दिवशी मी केलेलाच एक भाग तो बघत होता. एका दृश्यात नवीन नोकरीला लागलेली मुलगी साहेबाच्या केबिनमध्ये उभी असते, साहेब काहीतरी बोलतो आणि ती हसते. खाली अक्षरं आली, ‘गिगल्स’.

दादानं तिथेच थांबवलं. म्हणाला, “गिगल म्हणजे खुदुखुदु ना?”

“हो.”

“मग ती घाबरलेली का दिसते?”

मी हेडफोन लावून ते दृश्य पुन्हा ऐकलं. ते खुदुखुदु नव्हतं. एक तुटका श्वास होता, त्याला हसण्याचं टोक होतं. साहेब अंगाशी येतोय हे कळल्यावर, काय करावं हे न सुचून, बाई जे हसते ते हसणं. मी स्वतः असं हसलेली आहे. तरी मी गिगल लिहिलं होतं, कारण ती तरुण मुलगी होती, हसली होती, आणि तरुण मुली गिगल करतात.

दादा पुढे जे बोलला ते मला जास्त लागलं. “असं पुष्कळदा होतं. चेहरा एक सांगतो, कंसातला शब्द दुसरंच. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. ज्याला ऐकू येतं त्यानं लिहिलंय म्हणजे तेच बरोबर असणार.”

*

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या फाइली उघडल्या. सवय स्पष्ट दिसत होती. पुरुष हसले की बहुतेक ठिकाणी चकल. मुली हसल्या की गिगल. वयस्कर, तापट बाई हसली की कॅकल. कॅकल करणारा पुरुष मला सापडला तो एकच, आणि तो वेडा दाखवलेला होता. कानाला काय ऐकू आलं हे मी लिहीतच नव्हते. माणूस कोण आहे ते बघत होते आणि त्याच्या वाट्याचं हसणं त्याला देत होते.

हे माझं एकटीचं पाप असतं तर हा लेख लिहिलाच नसता. २००७ साली अमेरिकेत हिलरी क्लिंटन राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होत्या, तेव्हा त्यांच्या हसण्यावर वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवर चर्चा झाली, आणि त्या चर्चेचा शब्द होता कॅकल. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी कमला हॅरिस यांना हसण्यावरूनच टोपणनाव दिलं. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१४ च्या जुलैमध्ये, तुर्कस्तानचे उपपंतप्रधान ब्युलेंत आरंच यांनी बायकांनी चारचौघांत मोठ्यानं हसू नये असं भाषणात सांगितलं होतं. उत्तर म्हणून तिथल्या असंख्य बायकांनी स्वतःचे मनमोकळं हसतानाचे फोटो टाकले. त्यांनी वाद घातलाच नाही, नुसत्या हसल्या.

आपल्याकडेही ही वाटणी जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार दिले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. दात न दाखवता गालात हसण्यापासून डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कुशी धरून हसण्यापर्यंत. निरीक्षण इतकं बारीक आहे की आजच्या सबटायटलवाल्यांनी पाठ करावं. पण त्या सहांच्या तीन जोड्या आहेत. पहिली जोडी उत्तम पात्रांची, दुसरी मध्यम पात्रांची, तिसरी अधम पात्रांची. आणि हास्यरस मुख्यतः स्त्रियांत आणि हलक्या प्रकृतीच्या पात्रांत दिसतो असंही तिथे म्हटलं आहे. नटासाठी लिहिलेला ग्रंथ आहे, राजानं रंगभूमीवर कसं हसावं हे त्यात सांगायला हवंच. पण क्रम बघा. आधी माणसाची पायरी ठरते, मग त्याचं हसणं. माझ्या फाइलींतही तोच क्रम होता. फक्त तो मी नियम म्हणून कुठे लिहून ठेवलेला नव्हता.

*

बोलण्याच्या शब्दांचंही असंच आहे. गॉसिप हा शब्द घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं गॉडसिब, म्हणजे देवाच्या साक्षीनं जोडलेलं नातं. मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता किंवा धर्मपिता म्हणून उभं राहणारं माणूस. पुढे तो शब्द जवळच्या मैत्रिणीला लागला, विशेषतः बाळंतपणात बाईच्या सोबतीला येऊन बसणाऱ्या शेजारणींना. त्या खोलीत पुरुषांना सहसा प्रवेश नसे. रात्रभर बायका आत बसून काय बोलतात, हे बाहेरच्यांना ऐकू येत नसे. हळूहळू गॉसिप म्हणजे रिकामटेकडी बडबड करणारी बाई झाली, आणि एकोणिसाव्या शतकात तर ती बडबड म्हणजेच गॉसिप. आत काय बोलणं झालं हे ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांनी दिलेला अर्थ टिकला.

स्मर्कचीही हीच गत. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ साधा होता, हसू. पुढे स्माइल आलं, चांगलं हसू त्यानं घेतलं, आणि स्मर्कच्या वाट्याला आगाऊपणा उरला.

शब्द बिघडतात, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण बोलण्याच्या नावावरून शिक्षाही झाल्या आहेत. इंग्लंडच्या कायद्यात ‘कॉमन स्कोल्ड’ नावाचा गुन्हा होता. सतत भांडणारी, शेजाऱ्यांना तापवणारी बाई. गुन्ह्याच्या व्याख्येतच बाई होती, पुरुषाला तो लागू नव्हता. अशा बाईला खुर्चीला बांधून तळ्यात बुचकळून काढण्याची शिक्षा होती. ही शिक्षा केव्हाच बंद पडली, पण गुन्हा कायद्यातून रद्द झाला तो १९६७ साली. तोवर माणूस चंद्रावर उतरायची तयारी करत होता.

आपल्याकडे असा कायदा नव्हता, त्याची गरजही नव्हती. बायकोनं एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली की ती भुणभुण, साहेबानं तिसऱ्यांदा सांगितली की तो रिमाइंडर. कट्ट्यावर चार पुरुष तिसऱ्याविषयी बोलले तर गप्पा, ओट्यावर चार बायका बोलल्या तर कुचाळक्या. कानाला दोन्ही आवाज सारखेच येतात.

*

इथे मला एक गोष्ट उमगली, जी इतकी वर्षं शब्द वापरूनही उमगली नव्हती. हसण्याबोलण्याच्या शब्दांचे तीन थर असतात. काही शब्द आवाज सांगतात: खो खो, पुटपुटणं, कुजबूज. काही चेहरा सांगतात: दात काढणं, गालातल्या गालात हसणं. आणि काही मनातला हेतू सांगतात: हिणवणं, टर उडवणं, चहाडी. आवाजाला कान साक्षी असतो, चेहऱ्याला डोळा. हेतूला कोणी साक्षी नसतो. तो आपण ठरवतो.

हेतू ठरवण्यात चूक नाही, रोजचं जगणं त्यावरच चालतं. चूक तिथे होते, जिथे एकाच शब्दात आवाज आणि हेतू दोन्ही भरलेले असतात. स्निगर लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, मी ऐकलेला आवाज सांगतेय. खरं तर मी निकाल सांगत असते. मराठीतलं ‘फिदीफिदी’ तसंच. ‘ती फिदीफिदी हसत होती’ असं म्हटलं की तिची बाजू ऐकायला कोणी थांबत नाही.

२०१७ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये घडलेली गोष्ट आहे. जेफ सेशन्स यांच्या ॲटर्नी जनरलपदाच्या नेमणुकीआधी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी चालू होती. त्यांची ओळख करून देताना दुसरे सिनेटर म्हणाले की, कायद्यापुढे सगळ्यांना समान वागवणारा माणूस आहे हा. प्रेक्षकांत बसलेली एक कार्यकर्ती हसली. काही क्षणांचंच हसणं. पोलिसांनी तिला बाहेर काढलं, तेव्हा तिनं मोठ्यानं विरोधही केला. तिच्यावर खटला झाला. कामकाजात अडथळा आणायचा हेतू होता, हा आरोप. हसू आपसूक आलं, हा तिचा बचाव. मे महिन्यात ज्युरीनं तिला दोषी ठरवलं. जुलैत न्यायाधीशानं तो निकाल बाजूला ठेवला, कारण नुसतं हसणंही शिक्षेला पुरेसं आहे असं सरकारी पक्ष सांगत होता आणि ते न्यायाधीशाला पटलं नाही. त्यानं नव्यानं खटला चालवायला सांगितलं. नोव्हेंबरात सरकारनंच तो मागे घेतला.

म्हणजे काही क्षणांच्या हसण्याचा अर्थ लावण्यात जवळपास वर्ष गेलं. ते हसणं हजारो लोकांनी व्हिडिओत ऐकलं होतं. ऐकू आलं काय यावर फारसा वाद नव्हता. वाद होता तो त्याला काय म्हणायचं यावर.

*

मग मी ठरवलं, निकाल द्यायचाच नाही. कोणीही हसलं की एकच शब्द, ‘लाफ्स’. मुलगी, साहेब, खलनायक, आजी, सगळ्यांना तोच. काही आठवडे मी असं केलं आणि मनातून स्वतःवर खूष होते.

दादाचा मेसेज आला. “तुझ्या नवीन मालिकेत सगळे सारखेच हसतात. बाळ पण आणि गुंड पण.”

मी त्याला माझं तत्त्व समजावलं. त्यानं एका दृश्याचं विचारलं. शाळेतली मुलगी फळ्यापाशी उभी आहे, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, आणि मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज. ती रडत वर्गाबाहेर पळते. “वर्ग हसला एवढंच कळलं,” दादानं लिहिलं. “मला वाटलं, काहीतरी विनोद झाला. पळाली का, ते पुढच्या भागात कळलं.”

मुलं तिच्या उच्चाराची नक्कल करून हसत होती. मला ते स्पष्ट ऐकू आलं होतं. मी ते ‘लाफ्स’ करून टाकलं. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून मी जे केलं, ते त्या मुलांच्या बाजूनं गेलं. कोणाची रॅगिंगची तक्रार झाली की पहिलं वाक्य काय असतं ते आठवून बघा. “आम्ही नुसतं हसलो.” हसण्यातला हेतू पुसून टाकायला सगळ्यात सोयीचा शब्द म्हणजे ‘नुसतं’. ज्याला हसलं जातं त्याला मात्र तो वेगळा शब्द हवाच असतो. मराठीत ती सोय व्याकरणातच आहे. ‘ते हसले’ आणि ‘ते मला हसले’ या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे, आणि तो एक शब्द उच्चारायला लोकांना कधीकधी वर्षं लागतात.

तेव्हा शब्द निवडणं टाळता येत नाही. न निवडणं हीही निवडच असते आणि तिचा फायदा बहुतेक वेळा हसणाऱ्याला होतो.

आता मी जमेल तसं असं करते. हसणाऱ्याचा चेहरा पडद्यावर दिसत असेल, तर हेतू मी ठरवत नाही. मला ऐकू आलेला आवाज लिहिते, लहान, मोठा, तुटका, दाबलेला. चेहरा दादाला दिसतोच आहे, त्याचं तो ठरवेल. पण चेहरा दिसत नसेल आणि आवाजात हिणवणं स्पष्ट असेल, तर तसं लिहिते, कारण तिथे त्याला माझ्याशिवाय साक्षीदार नाही. आणि प्रत्येक वेळी स्वतःला एक प्रश्न विचारते: हाच आवाज दुसऱ्या कोणाच्या तोंडून आला असता, तर मी हाच शब्द लिहिला असता का? या प्रश्नानं माझे निम्मे गिगल गळून पडले.

तरी चुका होतातच. हेतूविषयी माझा कान काही देवाचा नाही. पण चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर पडणार, एवढं तरी आता मला माहीत असतं.

*

इथे थांबले असते तर मी फार शहाणी दिसले असते. म्हणून हेही सांगते.

गेल्या गणपतीत सगळे मावशीकडे जमलो होतो. जेवायला पंगत बसली होती. दादाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो कधीकधी फार मोठ्यानं बोलतो. त्यानं ओरडून वरण मागितलं. पलीकडच्या टोकाला एका भाच्यानं हळूच त्याची नक्कल केली आणि सगळे हसले. मीही हसले. तोंड दाबून.

दादानं सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काय झालं?”

जिला दिवसभर आवाजांना नावं देण्याचे पैसे मिळतात, ती मी म्हणाले, “काही नाही रे. नंतर सांगते.”

ज्यांच्या घरात ऐकू न येणारं माणूस आहे त्यांना हे वाक्य माहीत असेल. ‘नंतर’ सहसा येत नाही. त्या रात्री मात्र मला झोप लागेना. त्याला मेसेज केला. काय झालं, कोणी काय केलं, मीही हसले, सगळं लिहिलं. माझं हसणं कसलं होतं याला शब्द शोधला. प्रेमानं हसलो, असं आधी लिहिलं आणि खोडलं. ते पूर्ण खोटं नव्हतं, पण ते ठरवणारी मी कोण? शेवटी लिहिलं, “तुझ्या ओरडण्याची नक्कल झाली आणि मी तोंड दाबून हसले.” आवाज आणि चेहरा. बाकीचं त्याच्यावर सोडलं.

सकाळी त्याचं उत्तर होतं.

“माहीत होतं मला. तोंडं दिसत होती सगळ्यांची. पोरगं मस्त नक्कल करतं, आई सांगत होती. हसण्याचं काही वाटलं नाही. तू ‘काही नाही’ म्हणालीस, त्याचं वाटलं.”